गोवर उठून गेला म्हणजे सुटलो असं नाही
नुकत्याच वाचलेल्या एका लेखात गोवराला ताप-पुरळाचा आजार म्हणून दोन ओळीत उरकलंय, पण पुरळ गेल्यावरही मोठा धोका उरतो हे लिहायलाच हवं होतं. आधी झालेल्या आजारांची ओळख ज्या मेमरी पेशी जपून ठेवतात त्यांच्यातच हा व्हायरस घुसतो आणि त्यांनाच मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, २०१९ ला ते छापून आलं, कुणाच्या ११ टक्के तर कुणाच्या चक्क ७३ टक्के अँटीबॉडीज (रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं) गायब, आणि त्या गोवराच्या नाही बरं का, दुसऱ्याच व्हायरस-बॅक्टेरियांविरुद्धच्या! म्हणून पोर गोवरातून उठतं आणि पुढे न्यूमोनियाने नाहीतर जुलाबाने आडवं पडतं, घरचे म्हणतात नजर लागली... लस घेतलेल्या मुलांत असं काही दिसलं नाही. आपल्याकडे अजून लोक म्हणतात अंगातली उष्णता आहे, बाहेर पडू द्या. २०२२ ला मुंबईतल्या गोवंडीत गोवराच्या साथीत किती लहान लहान मुलं गेली ते आठवा. एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) डोस ९ महिन्यांनी आणि परत १६ ते २४ महिन्यांच्या मधे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, दुसरा प्लीज चुकवू नका.