नव्या साइट इंचार्जसाठी चार शब्द

साइट ताब्यात मिळाली, अभिनंदन! आधी गेटवर फलक रंगवून घ्या: 'अपघातमुक्त दिवस'. पुढचा आकडा खडूनं लिहायचा आणि रोज सकाळी एकनं वाढवायचा. आकडा वाढवायला अपघात थांबवावे लागतात, असा तुमचा समज असेल तर तुम्ही या धंद्यात फारच नवे आहात.

समजा, परांचीवरून पाना निसटला आणि खाली गवंड्याच्या कानाजवळून गेला. गवंडी शाबूत आहे ना? मग काही घडलंच नाही. फळीच्या कडेला आडवी पट्टी नव्हती, हे बघायला तुम्ही कशाला वर चढता! ज्यानं ओरडून सांगितलं त्याची दोन दिवसांची हजेरी कापा. पुढचे शंभर पाने मुकाट्यानं पडतील.

सेफ्टी बेल्ट मात्र सगळ्यांना द्या, कारण सही घेता येते. हुक कुठे अडकवू, असं विचारणारा कामगार पुढारी होऊ पाहतोय, त्याच्यावर नजर ठेवा. सहा मीटरवरून खाली यायला जेमतेम 1.1 सेकंद लागतो आणि जमिनीशी गाठ पडते ती ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगानं. तेवढ्या वेळात हुकाला जागा सापडली नाही, तर तो त्याचा आळस.

कोणी जाळीचा विषय काढेल. अमेरिकेतला गोल्डन गेट पूल बांधताना खाली जाळी होती, तिनं 19 जणांना झेललं, वगैरे. तुम्ही लगेच फेब्रुवारी 1937 सांगा: परांची कोसळली, जाळी फाडून गेली, 10 माणसं गेली. तेव्हा जाळीवर खर्च नकोच. (ते 19 जण हिशेबात धरू नयेत, बिल वाढतं.)

खोदकामाला आधार? कड उभी आहे तोवर उभीच आहे. घनमीटरभर माती दीड टनाच्या आसपास भरते, पण ती ढासळल्यावर.

स्लॅबची तारीख तुम्हीच चार दिवस अलीकडे ओढलीत, हे सुरक्षा सप्ताहाच्या भाषणात येऊ देऊ नका. तिथे विषय एकच, कामगारांची मानसिकता. शपथ द्या, फोटो काढा, पाहुण्यांची पांढरी हेल्मेटं मोजून परत घ्या.

आणि अपघाताचा अहवाल आजच टाइप करून ठेवा. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. नाव आणि तारीख तेवढी कोरी सोडा.