शिवलेली बिजागरी कशासाठी? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. हेलिकॉप्टर-रॉकेटवरच्या माझ्या लेखात पाती दोऱ्याने शिवलेल्या बिजागरीवर बसवण्याचा जो आग्रह आहे, ती निव्वळ जुनी हौस आहे, आरसी (रेडिओने चालणाऱ्या) विमानांसाठी मिळणाऱ्या तयार सीए बिजागऱ्या, म्हणजे खाचेत घालून सीए या पातळ झटपट गोंदाने चिकटवायच्या लवचीक पट्ट्या, पाच मिनिटांत बसतात आणि कितीतरी अधिक मजबूत असतात, असा आपला आक्षेप आहे. पट्टी मजबूत असते हे मलाही मान्य आहे. प्रश्न आहे तो तिच्याभोवतीच्या बाल्साचा, म्हणजे पाती ज्याची करतात त्या अतिशय हलक्या लाकडाचा.

हेलिकॉप्टर-रॉकेट म्हणजे पॅराशूटऐवजी फिरत्या पात्यांवर खाली उतरणारे मॉडेल रॉकेट; एफएआय या जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या स्पर्धांत या प्रकाराला एस-9 म्हणतात. चढताना पाती नळीलगत मिटलेली असतात; इजेक्शन चार्जने (मोटरच्या शेवटी पेटणाऱ्या छोट्या दारूने) बांधणीचा दोरा जळला की रबरबँड त्यांना क्षणार्धात उघडतो आणि पाते अडणीवर, म्हणजे ते जिथे थांबायचे त्या अडथळ्यावर, आदळते. हा झटका शेवटी पात्याच्या मुळाशी असलेल्या, घनमीटरला जेमतेम 100 ते 200 किलो भरणाऱ्या लाकडाला सोसावा लागतो. सीए बिजागरीवर बसवलेले आपले जे पाते उखडले, त्याची पट्टी एकदा उजेडात धरून पाहावी. तिच्यावर बाल्साचे तंतू चिकटलेले असतील, तर पट्टी आणि गोंद दोन्ही टिकले आणि लाकूड फाटले, असाच त्याचा अर्थ होतो. 3 मिलिमीटरच्या फळीत मधोमध खाच पाडल्यावर दोन्ही बाजूंना मिलिमीटरभराहून थोडेच अधिक लाकूड उरते. तिथे याहून वेगळे काय होणार? शिवाय या पट्ट्या विमानाच्या एलेव्हेटरसारख्या (शेपटीवरच्या हलत्या फळीसारख्या), थोड्याच अंशांत हलणाऱ्या भागांसाठी असतात. आपल्याला पाते काटकोनात किंवा त्याहून अधिक वळवायचे असते आणि सीए मुरून कडक झालेली पट्टी नेमकी त्या घडीवर चिरते.

शिवलेली बिजागरी हाच ताण अनेक टाक्यांत वाटून देते, मात्र ती नीट शिवली तरच. पात्याचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे सगळी भोके एका रेषेत पाडली तर डाकतिकिटाच्या कडेसारखी फाटण्याची सोयच होते. म्हणून भोके मागे-पुढे पाडावीत, प्रत्येकात पातळ सीएचा एक थेंब मुरवून सुकल्यावर ती सुईने पुन्हा मोकळी करावीत आणि मगच दोरा एका तुकड्याच्या वरून व दुसऱ्याच्या खालून, इंग्रजी आठच्या आकारात ओवावा. सांध्यातल्या दोऱ्याला गोंदाचा स्पर्शही होऊ देऊ नये. तो ताठ झाला की तिथेच झिजून तुटतो. पात्याच्या मुळाशी 0.4 मिलिमीटरच्या प्लायवुडचा, आडव्या तंतूंचा तुकडा चिकटवला तर फारच उत्तम. पॉलिएस्टरचा दोरा चार्जच्या गरम वायूने वितळू शकतो, म्हणून मी केव्हलार हा उष्णता सोसणारा, अतिशय मजबूत दोरा वापरतो. तो मात्र मऊ बाल्सा करवतीसारखा कापतो, आणि भोके कडक करण्याचा खटाटोप मुख्यतः त्यासाठीच आहे.

पोलादी तार आणि ॲल्युमिनियमची नळी हा आपण सुचवलेला दुसरा पर्याय मोठ्या मॉडेलसाठी चांगला आहे. पण नळी नुसत्या इपॉक्सीने चिकटवली तर ती बाल्साचा वरचा थर सोलून घेऊन निघते, म्हणून तीही दोऱ्यानेच बांधावी लागते!

पाती उघडायला दुहेरी रबरबँड लावावा, हे आपले मत मात्र मला धोक्याचे वाटते. दुहेरी बँडने पाती लवकर उघडतील खरी, पण आदळण्याचा जोरही वाढेल. मॉडेल आडवे धरून पाते स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उघडेल, इतकाच ताण ठेवावा आणि अडणीवर पातळ रबराचा तुकडा चिकटवावा.