पाकिटाचं वय आणि रॉकेटचं वय

नमस्कार,

प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण लेख नीट वाचून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. एस्टेस या मॉडेल रॉकेटं (खरोखर उडणारी छोटी रॉकेटं) बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या ‘अल्फा’ किटच्या सूचनापत्रकावर साठच्या दशकातलं कॉपीराइटचं साल स्वच्छ छापलेलं असताना मी ते किट १९७४ नंतरचं ठरवलं. सोबत मिळालेल्या इंजिनाची साक्ष काढलीच नाही. आणि दुसऱ्या, जोडलेल्या रॉकेटला हात लावून त्याची वाट लावली.

कॉपीराइटचं साल मजकुराचं असतं. पत्रक कधी छापलं, पाकिटात कधी गेलं, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. अल्फा वर्षानुवर्षं विकलं गेलं. त्या सालावरून कळतं ते इतकंच, की किट त्याआधीचं नाही. त्यानंतर किती वर्षांनी, हे बाकीच्या वस्तूंना विचारावं लागतं. अल्फाचा जुना क्रमांक के-२५, तो सत्तरच्या दशकात १२२५ झाला. माझ्या किटच्या पिशवीला स्टेपल केलेल्या कार्डावर १२२५ आहे आणि मागे बारकोडही आहे. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो जून १९७४ मध्ये. पाकिटातल्या दहा वस्तू जुन्या असल्या तरी एक नवी निघाली की निकाल तिच्या बाजूने लागतो.

कार्ड मागाहून बदललेलं असेल, ही शंका मलाही होती. भिंगाखाली पाहिलं: कार्डाला स्टेपलची दोन छिद्रं, पिशवीलाही दोनच, बरोबर एकमेकांवर बसणारी, आणि गंजाचा तपकिरी डाग दोन्हीकडे सारखा.

पण एका बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. मी ‘हे रॉकेट’ असं लिहिलं. वय मात्र पाकिटाचं काढलं होतं. आतला बाल्साच्या हलक्या लाकडाचा नोज कोन (रॉकेटचं टोक) आधीच्या साठ्यातला असू शकतो. मूळ लेखात ते वाक्य बदललं आहे.

इंजिनाचं म्हणाल तर त्याच्यावर ‘बी .८-४’ असं आहे, म्हणजे सरासरी जोर (इथला .८) पौंडांत मोजायच्या काळातलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हे आकडे न्यूटनमध्ये आले. इंजिन जुनं आहे यात वाद नाही, पण अशा किटसोबत इंजिन येत नसे, ते वेगळं विकत घ्यायचं. कुणीतरी नंतर एका डब्यात टाकलेल्या दोन वस्तू एकमेकींचं वय सांगत नाहीत. ‘पेटवून तरी बघायचं’ हे तुम्ही गमतीत लिहिलंत असं मी धरून चालतो. उन्हाळे-हिवाळे झेललेल्या इंजिनात दाबून भरलेली काळी, बंदुकीची दारू पुठ्ठ्याच्या नळीपासून सुटते, तिला तडे जातात. मग ज्वाला एका टोकाकडून शांतपणे पुढे सरकण्याऐवजी फटीत शिरते, एकदम बरंच काही पेटतं आणि नळी फुटते.

तिसरा आक्षेप मान्य. शॉक कॉर्डचं, म्हणजे टोक आणि नळी जोडून ठेवणाऱ्या दोरीचं, रबर वाळलंय का, हे बघायला मी ते जरासं ओढलं. टक् असा आवाज आला आणि तुकडा हातात. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण एक पंख हलत होता म्हणून जुन्या पिवळ्या गोंदावर नवा गोंद लावला. आता तो सांधा मूळ मालकाचा राहिला नाही. रबराचा तुकडा मात्र डबीत जपून ठेवलाय, फेकलेला नाही.

जाता जाता, तुमच्या ‘ॲस्ट्रॉन स्काउट’ या एस्टेसच्याच किटविषयी. तेही तुम्ही पत्रकावरच्या सालावरूनच १९६१ चं ठरवलंय. कार्डावरची पत्त्याची ओळ बघा. एस्टेस कोलोराडोतल्या डेन्व्हरहून तिथल्याच पेनरोजला गेली ती १९६१ मध्ये, आणि अमेरिकेत झिप कोड (आपल्या पिनकोडसारखा) सुरू झाला १ जुलै १९६३ ला. पेनरोजपुढे ८१२४० छापलेलं असेल तर १९६१ सोडून द्यावं लागेल. नसेल तर तुमचा दावा शाबूत, पण सिद्ध नाही. जुनी कार्डं संपेपर्यंत वापरली जातातच. फोटो पाठवलात तर बरं होईल, दोन्ही बाजूंचा.