मोटरहोम मेर्सबुर्गलाच ठेवा, कॉन्स्टान्झला बोटीने जा

दक्षिण जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमध्ये मोटरहोम भाड्याने घेऊन फिरायची हौस वाढलीये, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. लहान मुलं, आई-वडील, कुकर, डबे, औषधं सगळं बरोबर घेऊन निघता येतं, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना दुपारी आडवं व्हायला हक्काची जागा मिळते. पण बोडेनझे सरोवराकाठच्या कॉन्स्टान्झला एका दिवसासाठी जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते : मोटरहोम शहरात नेऊ नका. पलीकडच्या काठावर मेर्सबुर्गला लावा आणि तिथून बोटीने जा.

यावर लगेच प्रश्न येतो की गाड्या नेणारी फेरी आहे ना? आहे, आणि उत्तम आहे. मेर्सबुर्ग ते कॉन्स्टान्झ ही फेरी 1928 पासून चालू आहे, दिवसरात्र चालते आणि पाऊण तास नव्हे, जेमतेम पाव तासात पलीकडे पोहोचवते. अडचण पलीकडे उतरल्यावर सुरू होते. सात मीटर लांब, तीन मीटरच्या आसपास उंच अशी गाडी घेऊन तुम्ही जुन्या शहराकडे निघता आणि जिथे तिथे दोन मीटर उंचीची आडवी दांडी तुमची वाट बघत असते. पार्किंगच्या बहुतेक इमारती तुमच्यासाठी बंदच. त्यात शनिवार असेल तर संपलंच, कारण शहराला अगदी खेटून स्वित्झर्लंडचं क्रॉइट्सलिंगन आहे आणि स्विस लोक खरेदीला कॉन्स्टान्झमध्ये लोटतात. म्हणजे सहलीचे सगळ्यात चांगले दोन तास ड्रायव्हर आरशात बघत घालवणार आणि मागे बसलेली मुलं "कधी पोहोचायचं?" विचारत राहणार.

मेर्सबुर्गच्या वरच्या अंगाला मोटरहोमसाठी रीतसर वाहनतळ आहेत. गाडी लावायची, गॅसच्या सिलिंडरचा कॉक बंद करायचा, खाली चालत यायचं आणि प्रवासी बोट पकडायची. माझ्या सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. "अगं, एवढं घर बरोबर आणलंय, ते इथे ठेवून आपण कुठे निघालो?" असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, बोट बंदरात शिरेपर्यंत थांबा, मग सांगा."

कारण या शहरात पाण्यावरूनच शिरावं असं ते आहे. बंदराच्या तोंडाशी नऊ मीटर उंचीची इम्पेरिया उभी आहे, पेटर लेंक या शिल्पकाराने 1993 मध्ये उभी केलेली. ती जागच्या जागी सावकाश फिरत असते, त्यामुळे बोट जवळ येईपर्यंत तिची पाठ, बाजू, चेहरा असं सगळं दिसत जातं. ती गणिका आहे. तिच्या एका हातावर राजमुकुट घातलेला आणि दुसऱ्या हातावर पोपचा मुकुट घातलेला असे दोन नागडे, केविलवाणे बुटके पुरुष बसलेत. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हिला इथे उभी राहू दिली हेच मोठं आहे." मला वाटतं त्या शिल्पाबद्दल याहून नेमकं बोलता येणार नाही.

आणि तिच्या समोरच ती इमारत आहे, जिथे जमलेल्या पोप-राजांची थट्टा म्हणून ती तिथे उभी आहे. 1388 मध्ये बांधायला घेतलेलं मालाचं गोदाम. 1414 ते 1418 या काळात चर्चची महापरिषद कॉन्स्टान्झला भरली होती आणि 1417 मध्ये याच इमारतीत पाचव्या मार्टिनची पोप म्हणून निवड झाली. त्याच परिषदेने बोहेमियातल्या यान हुस या धर्मसुधारकाला धर्मद्रोही ठरवलं. राजा सिगिसमुंडने अभय दिलं म्हणून तो आला होता, आणि 6 जुलै 1415 ला त्याला जिवंत जाळलं. जिथे जाळलं असं मानतात तिथे आज एक मोठा दगड आहे. बंदरापासून तिथवर चालत जाता येतं. मुलांना तिथे नेऊन ही गोष्ट नीट सांगा, घाई करू नका. दिलेला शब्द सत्ताधीशांनी कसा मोडला हे त्यांना बरोबर कळतं.

दुसरी जागा सीमेवरची. कॉन्स्टान्झ आणि क्रॉइट्सलिंगनच्या मध्ये पूर्वी कुंपण होतं. ते काढलं आणि 2007 मध्ये तिथे 22 शिल्पं उभी राहिली. एक पाय जर्मनीत, एक स्वित्झर्लंडमध्ये ठेवून फोटो सगळेच काढतात, आम्हीही काढले. मला जास्त आवडते ती याच्या पुढची गोष्ट : सरोवराच्या मोठ्या भागात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यात सीमारेषा कुठे आहे यावर आजतागायत करारच झालेला नाही. तरी कामं अडत नाहीत.

जुन्या ऱ्हाइन पुलावरही जा. नदीचे किलोमीटर तिथपासून मोजतात, शून्य तिथे आहे. बाकी दुकानं वगैरे तुम्हाला सापडतीलच.

आता पाण्याचं, जे मला खरं बोलायचंय. हे सरोवर 536 चौरस किलोमीटरचं, सर्वांत खोल जागी 251 मीटर. झिपलिंगनजवळ 60 मीटर खोलीवरून पाणी उचलून बाडेन-व्ह्युर्टेम्बर्गमधल्या सुमारे 40 लाख लोकांना पुरवलं जातं. स्टुटगार्टच्या बऱ्याच घरांत नळ सोडला की हेच पाणी येतं. आणि हेच सरोवर 1970 च्या दशकात सांडपाणी आणि साबणातल्या फॉस्फरसमुळे मरायला टेकलं होतं. तेव्हा लिटरमागे 80 मायक्रोग्रॅमच्या वर गेलेलं फॉस्फरसचं प्रमाण आज 10 च्या खाली आहे. त्यासाठी काठावरच्या राज्यांनी 1959 मध्ये एकत्र आयोग नेमला, गावोगावी सांडपाणी प्रकल्प उभारले. दोन पिढ्यांचं काम आहे हे.

म्हणून मोटरहोमच्या खालचा सांडपाण्याचा कॉक नीट बंद आहे का, हे निघण्याआधी वाकून, हात लावून बघा. भांडी घासलेलं पाणी थेंब थेंब गळत राहतं आणि गाडीत बसलेल्याला पत्ताच नसतो. "नुसतं साबणाचं तर पाणी आहे" हे मी आपल्याच लोकांकडून ऐकलंय आणि मला त्याचा राग येतो. ते पाणी आणि टॉयलेटची पेटी फक्त नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची, गटाराच्या जाळीत नाही. एका दिवसासाठी जाताना स्वच्छ पाण्याची टाकीही काठोकाठ भरू नका. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि साध्या लायसन्सवर चालणारी गाडी साडेतीन टनांच्या वर जाऊन चालत नाही. सहा माणसं, सामान आणि गॅस धरला की ती मर्यादा वाटते त्यापेक्षा फार लवकर गाठली जाते.

मुक्काम करायचा मोह झाला तर तळावरच करा. जर्मनीत रस्त्याकडेच्या साध्या पार्किंगमध्ये, मनाईची पाटी नसेल तर, थकलेल्या ड्रायव्हरला एक रात्र झोपता येतं. पण बाहेर टेबल-खुर्च्या मांडल्या, छत ओढलं की ते कॅम्पिंग झालं, आणि सरोवराकाठी त्याला मुभा नाही. हा नियम मला योग्य वाटतो. काठावर गाड्यांची भिंत उभी राहिली तर चालत आलेल्या माणसाला पाणी दिसणार कुठून?

या उन्हाळ्यात कोणी जाणार असेल तर मधल्या वारी जा, सकाळी लवकर मेर्सबुर्ग गाठा आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी बघून ठेवा. ती चुकली तरी घाबरू नका. शहराच्या बसने फेरीच्या धक्क्यावर यायचं आणि गाड्यांच्या फेरीतून पायी प्रवासी म्हणून परत जायचं, ती रात्रीही असते.