नवं शिकलं की मेंदूवर नवी वळी पडते? नाही

परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो: 'काही नवीन शिकलं की मेंदूवर नवी वळी पडते. वळ्या जास्त तेवढी बुद्धी जास्त. आइन्स्टाइनच्या मेंदूवर म्हणूनच सर्वांत जास्त वळ्या होत्या.' मी मुलांना फिजिओथेरपी देते, आणि या मेसेजने काय होतं ते जवळून पाहिलंय.

वळ्या पडतात त्या आईच्या पोटात. पाचव्या महिन्यापर्यंत गर्भाचा मेंदू बराचसा गुळगुळीत असतो. मग वरचा करडा थर आतल्या भागापेक्षा वेगाने वाढतो, त्याला जागा पुरत नाही आणि तो दुमडत जातो. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा मुख्य वळ्या सगळ्या जागेवर असतात. २०१६ साली हार्वर्डच्या एल. महादेवन यांच्या गटाने गर्भाच्या एमआरआयवरून जेलचा गुळगुळीत मेंदू केला, त्यावर जेलचाच पातळ थर दिला आणि तो द्रावकात बुडवला. वरचा थर फुगला आणि काही मिनिटांत खऱ्यासारख्या वळ्या उठल्या. तिथे कोणी काही शिकत नव्हतं! शिकताना बदलतात ते पेशींमधले जोड.

वळ्या जास्त म्हणजे बुद्धी जास्त, हेही नाही. डॉल्फिनच्या मेंदूवर आपल्याहून जास्त वळ्या असतात. आणि पॉलिमायक्रोजायरिया या मेंदूच्या जन्मजात विकारात बारीक वळ्यांची दाटी होते, तेव्हा अनेक मुलांना फिट्स येतात, चालणं-बोलणं मागे पडतं.

आइन्स्टाइन १९५५ मध्ये गेले. त्यांच्या मेंदूच्या फोटोंत संशोधकांना काही भागांची ठेवण वेगळी दिसली, पण ठेवण प्रत्येकाचीच वेगळी असते, आणि एका मेंदूवरून नियम निघत नाही.

आता माझ्याकडे येणाऱ्या एका आईबद्दल. मुलाच्या रिपोर्टात लिसेन्सेफली लिहिलेलं, म्हणजे मेंदू जवळपास गुळगुळीत. एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ती म्हणाली, "ताई, मी त्याला आधीपासून शिकवलं असतं तर पडल्या असत्या का हो वळ्या?" हा मेसेज तिने वाचला होता. मी तिला सांगितलं, पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात चेतापेशी आपल्या जागी पोचायच्या असतात, त्या वाटेतच थांबल्या. बहुतेकदा जनुकातल्या बदलाने होतं हे. तुमचं काही चुकलेलं नाही.

तिला ते दोनदा सांगावं लागलं. आणि गोष्टी मात्र रोज सांगा म्हटलं, तुमच्या आवाजाने तो मान वळवतो.