दगड रोव्हर निवडतो, पण कुणाच्या सांगण्यावरून?

‘मंगळावरचे रोव्हर आता एआयच्या जोरावर स्वतःच संशोधन करतात, शास्त्रज्ञांना नुसता निकाल कळतो’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटकन खराही वाटतो.

पहिला दावा, कोणता दगड तपासायचा हे रोव्हर ठरवतो. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरवर २०१६ पासून ‘एजिस’ ही संगणक प्रणाली लेसरसाठी लक्ष्य निवडते, हे खरं. (खडक कशाचा बनला आहे, हे कळण्यासाठी रोव्हर त्यावर लेसर मारतो.) ती फोटोतल्या कडांवरून दगड ओळखते आणि आकार, उजळपणा बघून त्यांना क्रम लावते. पण उजळ दगड हवा की गडद, मोठा की लहान, हे शास्त्रज्ञांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं. मला तिचं दुसरं काम जास्त आवडतं. खडकातली पांढरी शीर काही मिलिमीटरच रुंद असते. पृथ्वीवरून धरलेला नेम जरासा चुकला, तर लेसर शेजारच्या खडकावर पडतो. एजिस जवळून फोटो काढते, शीर शोधते आणि नेम सुधारते. शीर तपासायची हे मात्र माणसांनीच ठरवलेलं.

दुसरा दावा, माणसं नकोत म्हणूनच ही सोय केली. साफ चूक. पृथ्वीवरून संदेश पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि दिवसाच्या कामांची यादी बहुधा एकदाच पाठवली जाते. रोव्हर नव्या जागी पोचला की पुढची यादी येईपर्यंतचा वेळ वाया जायचा. त्या वेळात अंदाजानं लेसर मारला असता, तर हवा तसा खडक सुमारे २४ टक्के वेळाच सापडला असता. एजिसनं हे प्रमाण ९३ टक्क्यांवर नेलं.

रोव्हरमध्ये ‘चॅटबॉटसारखा मेंदू’ आहे म्हणाल, तर क्युरिऑसिटीच्या मुख्य संगणकाची मेमरी जेमतेम २५६ एमबी आहे; साध्या मोबाइलपेक्षाही कमी.

शेवटचा दावा सगळ्यात घातक : एआयनं मंगळावर जीवसृष्टी शोधली. पर्सिव्हिअरन्स या नासाच्या दुसऱ्या रोव्हरला जुलै २०२४ मध्ये ‘चेयावा फॉल्स’ या खडकावर बिबट्यासारखे ठिपके दिसले. त्यांचा अर्थ लावला तो माणसांनी, आणि २०२५ च्या शोधनिबंधातही त्यांना जीवसृष्टीच्या फक्त ‘संभाव्य’ खुणा म्हटलं आहे. सजीवांशिवायही असे ठिपके पडू शकतात. या रोव्हरकडे नमुने भरायला मोजक्याच, ४३ नळ्या आहेत, त्यातल्या ५ नमुन्यांत पृथ्वीवरचं काही मिसळलं नाही ना, याच्या पडताळणीसाठी राखीव. सील केलेली नळी पुन्हा उघडता येत नाही. म्हणून ड्रिल कुठे चालवायचं, हे आजही शास्त्रज्ञच आपसात चर्चा करून ठरवतात.