१९२ किलोहर्ट्झचा हट्ट कशासाठी?

गाणं-तबल्याच्या घरगुती रेकॉर्डिंगसाठी ‘२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं’ हा सल्ला तुम्हाला पटला नाही. (किलोहर्ट्झ म्हणजे सॅम्पल रेट, सेकंदाला आवाजाची किती हजार वेळा नोंद घ्यायची ते; बिट म्हणजे प्रत्येक नोंद किती तपशिलाने ठेवायची ते.) इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) १९२ देत असताना ४८वर थांबलं की आवाजाच्या ‘पायऱ्या’ जाड राहतात, शेवटी एमपीथ्रीच करायची तर २४ बिट कशाला, आणि ४८ला तुमचा तानपुरा पातळ नि चढा ऐकू आला, असं तुम्ही लिहिलंय.

पायऱ्या फक्त स्क्रीनवर दिसतात. कन्व्हर्टरमधून (आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करणाऱ्या भागातून) बाहेर पडणारी लहर अखंडच असते. ४८च्या सॅम्पल रेटला २४ किलोहर्ट्झ कंपनसंख्येच्या खालचं सगळं पकडता येतं, आणि तरुण कानही २०च्या फारसे पुढे जात नाहीत. १९२ने त्याखालचा सूर जास्त बारीक नोंदला जात नाही. फाइल मात्र फुगते: स्टिरिओ, २४ बिटला ४८वर तासाला साधारण १ जीबी, १९२वर ४ जीबीच्या वर. साध्या वेव्ह फाइलची मर्यादाच ४ जीबी, म्हणजे बडा ख्याल रंगात आला की फाइल भरली!

बिटचं गणित वेगळं आहे. साउंडचेकला हात राखून वाजवणारा तबलजी द्रुत लयीत सहज ६ ते १० डेसिबल वर जातो. म्हणून गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) असा लावायचा की साउंडचेकचे पीक, म्हणजे सगळ्यात मोठे ठोके, मीटरवर उणे १२ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान राहतील; शून्य ही वरची कमाल. १६ बिटच्या, सगळ्यात मोठ्या आवाजापासून नॉइजपर्यंतच्या, साधारण ९६ डेसिबलमधून एवढी जागा वर सोडली, मग मिक्समध्ये आवाज दाबून उचलला, की खालचा नॉइजही वर येतो. त्या भीतीने गेन चढवावा तर तिहाईची सम क्लिप होते (कमाल ओलांडून फाटते) आणि ती दुरुस्त होत नाही. २४ बिटला चांगले कन्व्हर्टर प्रत्यक्षात १२० डेसिबलच्या आसपास देतात; तुमच्या खोलीतला पंखाच त्याआधी ऐकू येईल. १६ बिट करायचंच तर अगदी शेवटी, डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी हलका नॉइज) लावून.

९६ला अर्थ आहे, पण ध्वनी खूप संथ करून वापरायचा असेल किंवा लेटन्सी (वाजवणं आणि हेडफोनमध्ये ऐकू येणं यातला उशीर) कमी हवी असेल तेव्हा.

राहिला तानपुरा. हा बहुधा सॅम्पल रेट न जुळल्याचा प्रकार आहे. ४४.१ची फाइल रूपांतर न होता ४८ला वाजली की सुमारे ९ टक्के जलद धावते आणि जवळजवळ दीड सेमीटोन चढते; पांढरी एकचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे लटकतो. इंटरफेसच्या पॅनेलमधला रेट आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या प्रोजेक्टचा रेट आधी एक करा. मग फाइल पुन्हा इम्पोर्ट करताना ‘कन्व्हर्ट सॅम्पल रेट’वर खूण असल्याची खात्री करा.